कुंकू लावलेली काडतुसं

जानेफळ, ता. १८ ऑक्टोबर १९३७

वामन,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायचा रिवाज हाये. या खेपेस तो मी माह्याजवळच ठेवते. सख्ख्या भाच्याले हातकड्या घालून जानेफळच्या बाजारातून चालवत नेलं, तेही आठवडी बाजाराच्या दिवशी, सारं गाव पाहत असताना. त्याचं जावळ तुह्या मांडीवर बसवून काढलं होतं, वामन. तवा तू त्याच्या हातात चांदीचं कडं घातलं होतं. आता लोखंडाचं घातलं. बरं केलं, मामाचा मान पुरा झाला.

दसऱ्याले तू सोनं द्यायले आला नाही. मले वाटलं, मेहकरात घर केलेला माणूस, असन काही काम. दुसऱ्या दिवशी मात्र विहिरीवर बरोबर आला! बाबांनी हा मळा मले करून देला तवा पाच माणसांदेखत सांगितलं होतं, की सकाळची मोट सोजराची अन् दुपारनंतरची वामनची. विधवा लेक भावाच्या तोंडाकडे पाहत बसू नये म्हणून देला त्याहिनं. ते तुह्या पोटात तवापासून दुखून राह्यलं. सकाळच्या पाळीले तू आपले बैल जुंपले. माह्या रंगानं ते सोडले. तू त्याच्यावर चाबूक उगारला अन् 'रांडमुंडीच्या' म्हणाला. हे फिर्यादीत लिहिलं का रे? ते काऊन लिहिशीन!

तू लिहिलं काय, तर रंगा घरी गेला, बंदूक घेऊन आला अन् तुह्यावर गोळी झाडली. गोळी म्हणे तुह्या पागोट्याले घासून गेली. अन् साक्षीदार कोण, तर इंद्रभान, जो तुह्यासंग ससे मारत हिंडते अन् तुह्या घरी जेवते. त्याले म्हणे बार ऐकू आला. वावराच्या धुऱ्यावर रिकामं काडतूस सापडलं, तेही त्यालेच. मी त्या वेळेस मळ्यात वांगी तोडून राह्यली होती. तुमचा कालवा मले ऐकू आला, तुही शिवी ऐकू आली. बार काही ऐकू आला नाही. माहे कान अजून शाबूत हायेत.

पोराले नेताना मी त्याले सगळ्यांसमोर विचारलं. तो म्हणाला, "माय, तुह्या गळ्याची आन, गोळी उडाली नाही." माहा पोरगा तापट हाये, हेकड हाये, पण माह्या गळ्याची खोटी आन खाणार नाही. खोटा तू हाये. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा म्हणे! दहा वर्षं आत बसवतात, असं हवालदार सांगून गेला. एकुलतं एक पोरगं हाये माहं. तुले विहीर पाहिजे म्हणून त्याले काळ्या पाण्यावर धाडतो काय?

फिर्याद मागं घे. आज सांगून राह्यली, मंग सांगणार नाही.

सोजरा

---

जानेफळ, ता. २६ ऑक्टोबर १९३७

वामन,

तू उत्तर धाडलं नाही. धाडू नको. मेहकरले मी जाऊन आली, तुह्या दारावरूनच गेली. तू खिडकीतून पाह्यलं अन् आत सरकला, ते मले दिसलं.

पोरगं हवालातीत वाळून गेलं हाये. तिथं एक गोष्ट समजली, ती तुले सांगून टाकते. तुही बायको कोकिळा त्याले रोज भाकर नेऊन देते. तुह्याच घरची ज्वारी, तुह्याच घरचं लोणचं. आता यावरून तू तिले एक शब्द बोलला, तर मी त्या दिवशी तुह्या ओट्यावर येऊन बसीन अन् गल्ली गोळा करीन. माहा आवाज तुले माहीत हाये.

हवालदाराच्या टेबलावर दोन चिजा होत्या. एक बाबांची बंदूक. दुसरं तुमचं ते धुऱ्यावर सापडलेलं काडतूस. हवालदार भला माणूस, पण त्याले शिपाईगिरीच्या मोठ्या बंदुका ठाऊक, ही खेळण्यासारखी बंदूक त्यानं जन्मात पाह्यली नव्हती. म्हणाला, "बाई, रिकामं काडतूस हाये अन् बंदूक हाये. आणखी काय पाहिजे?" मी ते काडतूस जवळून पाह्यलं. पाह्यल्याबरोबर मले तुही चोरी समजली, वामन.

तुले बाबांच्या बंदुकीची काही माहिती नाही. खंडेनवमीले तू कधी घरात थांबला? सकाळीच दोस्तांत पळायचा. पूजा बाबांनी माह्यावर टाकली होती. लग्न होऊन गेली तवाही मी खंडेनवमीले माहेरी येत होती, अन् परत आल्यावर तर दरवर्षी माह्याच हातानं झाली. म्हणून मी सांगते ते नीट वाच.

ती बंदूक खामगावच्या कापसाच्या पेढीवरच्या गोऱ्या साहेबानं बाबांले देली. बाबांची त्याची मैत्री होती. मोठी लढाई लागली तवा त्या साहेबाले एका रात्रीत जा म्हणून हुकूम आला. तो आपल्या घरी आला, बाबांच्या हातावर बंदूक ठेवली, काडतुसांची एक पत्र्याची डबी ठेवली, अन् रडला. गोरा माणूस रडतो हे मी तवाच पाह्यलं. बाबांनी ती बंदूक कधी चालवली नाही. लायसनवर पीक राखायसाठी म्हणून लिहिलं हाये, पण रानडुकरं हाकायले आपण डबेच वाजवत आलो. बाबा म्हणत, मैत्रीची वस्तू हाये, तिनं जीव घ्यायचा नाही. ते गेल्यावर लायसन रंगाच्या नावानं झालं, पण बंदूक खुंटीवरच राह्यली.

नळी आठपैलू, तोंडात करंगळीचं टोक कसंतरी शिरते. नळीवर अंड्याच्या आकाराचा शिक्का हाये, वर मुगुट, आत इंग्रजी अक्षरं. दरवर्षी मी त्या शिक्क्यातली कुंकवाची भुकटी काडीनं कोरून काढते, म्हणून मले तो डोळे मिटून काढता येते. अन् काडतुसं? आखूड, पेरभर. बूड सपाट अन् कोरं, चारीकडून बारीक कड. बुडाच्या मधात काहीच नाही.

तुमच्या धुऱ्यावरचं काडतूस बोटभर लांब हाये. पितळी हाये. त्याच्या बुडाच्या मधोमध गोल टिकली हाये अन् त्या टिकलीत खळगा पडला हाये. असं काडतूस आपल्या घरात कधीच नव्हतं. ते आलं कुठून?

डबी अजून माह्याजवळ हाये. झडतीच्या दिवशी ती देव्हाऱ्यात होती, दसऱ्याच्या कुंकवानं माखलेली. हवालदारानं वाकून पाह्यलं, कान धरले अन् म्हणाला, देवाच्या वस्तूले आम्ही हात लावत नाही. खामगावले बंदुका-काडतुसं विकणारा एक बोहरी म्हातारा हाये. डबी घेऊन मी त्याच्याकडे जाऊन राह्यली. तवर तू आपल्या इंद्रभानले नीट पढवून ठेव, कारण आता त्याले विचारणारी मी हावो.

सोजरा

---

जानेफळ, भाऊबीज, १९३७

वामन,

आज गावातल्या साऱ्या बायांनी भावाले ओवाळलं. मी चंद्राले ओवाळलं. ज्या बाईले भाऊ नाही ती चंद्राले ओवाळते ना, तसं. शेजारची गोजरबाई म्हणाली, "अवं, तुले तर भाऊ हाये." मी म्हटलं, "होता."

खामगावले सर्विस मोटारीनं गेली. पदरात डबी बांधून, अन् सारी वाट भीती, की कोणी पाह्यलं तर मलेच हातकड्या पडतीन. म्हाताऱ्यानं आधी उभंच केलं नाही. बाईमाणूस काडतुसं घेऊन आलं म्हणून दुकानाची फळीच लावायले निघाला. मी त्याच्या पायरीवर बसली अन् म्हटलं, पोरगं आत हाये, आता मले कशाचीच भीती नाही. मंग त्याच्या घरातून त्याची म्हातारी बाहेर आली, तिनं त्याले दोन शब्द सुनावले, तवा तो बसला.

मी कोळशानं फरशीवर शिक्का काढून दाखवला. पाह्यल्याबरोबर म्हणाला, "ये बेल्जम का माल है." बेल्जम म्हणून मुलूख हाये, तिथं अशा हलक्या बंदुका गाडीभर बनत होत्या. साहेबलोक बागेत पाखरं मारायले नाहीतर बंगल्यात निशाणा लावायले घेत. मंग त्यानं डबीतलं एक काडतूस उचललं अन् मले समजावून सांगितलं. ह्या जातीत आग लागायचा मसाला बुडाच्या मधात नसते, कडेच्या पोकळीत भरलेला असते. म्हणून या बंदुकीच्या घोड्याले टोक नाही, चपटी पट्टी हाये. ती पट्टी काडतुसाच्या कडेवर आपटते अन् कड चेपली की बार होते. मधात टिकली असलेलं काडतूस या नळीत जाईनच कसं, अन् गेलं तरी त्याच्या टिकलीवर मारायले हिच्या घोड्याले टोक कुठं हाये? तुमच्या त्या काडतुसाचं वर्णन ऐकून म्हणाला, ते बारीक एकनळी बंदुकीचं. तशी एकनळी आपल्या भागात कोणाजवळ हाये, वामन? मी नाव घेऊ का तू घेतो?

इंद्रभानच्या बंदुकीचं काडतूस माह्या पोराच्या नावावर टाकलं तुम्ही!

अजून ऐक. म्हाताऱ्यानं काडतुसाले नाक लावलं अन् म्हणाला, याले कसला आंबूस वास येते? मी म्हटलं, खंडेनवमीले पंचामृतानं आंघोळ घालतो. बंदुकीले घालतो अन् तिच्या पोटच्यांलेही घालतो. दूध, दही, तूप, मध, साखर, वरून पाणी, मंग बाबांच्या जुन्या धोतरानं पुसून एकेकाच्या बुडाले कुंकू. तो माह्याकडे पाहतच राह्यला. त्यानं सांडशीनं एक काडतूस उघडलं, तर आत हिरवा-काळा चिखल. मसाला सारा मेलेला. अजून दोन उघडली, तीही तशीच. म्हातारा असा हसला की त्याले ठसका लागला. म्हणाला, "बाई, तुमने तो बंदूक को साधू बना दिया!" मले आधी राग आला. बाबांची आठवण म्हणून जिवापाड जपलेली वस्तू मीच दरवर्षी नासवत होती, अन् कोणी सांगितलं नाही. मंग माह्या ध्यानात आलं, अन् मी तिथंच पायरीवर हात जोडले. या काडतुसांतून बार होणंच शक्य नाही. इंद्रभानले ऐकू आलेला बार त्याच्या पोटातला असन.

म्हाताऱ्यानं आणखी एक गोष्ट मले दाखवली. ती तुले सांगायची मले गरज नाही.

तर आता असं हाये. वकिलाले मी सारं सांगितलं. तो म्हणाला, खोटा पुरावा करणाऱ्यालेही सरकार आत घालते, अन् बरंच दिवस घालते. तू ठाण्यात जाऊन फिर्याद काढून घे, नाहीतर बोहरी म्हातारा कोर्टात उभा राहीन अन् इंद्रभानची एकनळीही टेबलावर येईन. कोकिळेच्या कपाळाकडे पाहून तुले ही एक वाट ठेवली. तुह्याकडे पाहून नाही.

सोजरा

---

जानेफळ, ता. २१ नोव्हेंबर १९३७

वामन,

रंगा सुटून आला. तू ठाण्यात लिहून देलं, की आपला समज चुकला. चुकला! बरा शब्द शोधला. इंद्रभानले ऐकू आलेल्या बाराचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही. हवालदारालेही सुटल्यासारखं झालं असन. बंदूक परत देतो म्हणाला, मी नको म्हटलं, राहू द्या सरकारात.

मी ही गोष्ट इथंच पुरणार होती. पण कोकिळेच्या हातानं तुही चिठ्ठी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू वरती 'बाई' लिहिलं, मोठ्या बहिणीले म्हणतात तसं. ती चिठ्ठी मी चुलीजवळ बसून वाचली, टाकून द्यायच्या बेतानं. टाकता आली नाही. तू लिहिलं, "बाई, गोळी उडाली नाही हे खरं. बार झाला नाही हेही खरं. पण त्यानं नळी माह्या छातीवर धरली अन् घोडा पाडला. कट् असा आवाज झाला. मी हातभर अंतरावर होतो. नुसत्या कट् वर ठाण्यात कोण भरवसा ठेवते? म्हणून मी इंद्रभानजवळून ते काडतूस आणलं. तुले मी खोटा वाटतो, पण तो आवाज मले अजून झोपू देत नाही."

आता म्हाताऱ्यानं दाखवलेली ती गोष्ट ऐक.

त्यानं सारी काडतुसं फरशीवर उभी मांडली होती. सगळ्यांच्या बुडावर यंदाचं कुंकू, कोरडं, जसं मी लावलं तसंच. एकावरचं पुसलेलं होतं, कोणी डबीतून काढून परत ठेवल्यासारखं. त्याच्या कडेवर आडवा चपटा ठसा होता, खोल अन् ताजा, तिथलं तांबं चमकून राह्यलं होतं. म्हाताऱ्याचं हसू गेलं. म्हणाला, "इसपे किसीने घोडा गिराया है, बाई. जिसपे भी गिराया, उसका नसीब." मी ते काडतूस उचललं अन् वेगळं पदरात बांधलं. ती मोटार, ते रस्त्यावरचे धक्के, मले काही आठवत नाही. घरी आल्यावर भाऊबीजेचं पत्र लिहिलं, त्यात तुले शिव्या देल्या, अन् ती गाठ पदरातच होती. म्हणून त्या पत्रात एवढा जोर होता.

पोरगं म्हणालं होतं, गोळी उडाली नाही. माह्या गळ्याची आन खाऊन म्हणालं होतं. घोडा पाडला नाही असं म्हणालं नव्हतं, अन् मीही विचारलं नव्हतं.

सुटून आला त्या दिवशी मी त्याले ओवाळलं, जेवू घातलं, अन् मंग ते काडतूस त्याच्या ताटाजवळ ठेवलं. त्यानं पाह्यलं अन् घास तसाच राह्यला. म्हणाला, "मामा तुले रांडमुंडी म्हणाला." मी म्हटलं, "मले म्हणाला ना? मंग मी पाहून घेतलं असतं. माह्या शिवीचा हिशेब करायले तुले कोणं बोलावलं?" अन् एक ठेवून देली. इतका मोठा झाला, पण मुकाट्यानं खाल्ली. मंग रडला. म्हणे, "माय, तो कट् आवाज झाला तवा मले वाटलं मामा पडला. मीच डोळे मिटले होते." तवापासून मी त्याच्याशी बोलली नाही. वाढते, पण बोलत नाही.

तू मले माहीत हाये, वामन. तू हावरा हाये, तोंडाचा घाण हाये, अन् खोटं काडतूस टाकून एका पोराचा जन्म नासवायले निघाला होता. त्याचा राग माह्या मनातून जाणार नाही, जाऊ देणारही नाही. पण त्या दिवशी विहिरीवर मेला असता तू. माह्या पोराच्या हातानं, बाबांच्या मैत्रीच्या वस्तूनं. अन् मी वांगी तोडत बसली असती. तू कसाही असला तरी तुह्या तोंडात दात नव्हते तवापासून मी तुले कडेवर घेऊन हिंडली. मले याचा भलता संताप येते, की अजूनही तुह्या मरणाच्या विचारानं माह्या पोटात काही होते.

मी त्या काडतुसांले आंघोळ घातली म्हणून तू जिता हाये. पण याचं मले काही लिहू नको. तुह्यासाठी नव्हती घातली, देवासाठी घातली होती.

सकाळची मोट माहीच राहीन. ते ध्यानात ठेव.

हे पत्र घेऊन रंगाच आला हाये. तेच काडतूस त्याच्या मुठीत हाये. आज त्याच्याशी तोंड उघडलं ते एवढं सांगायलेच, की जे खरं हाये ते मामाच्या हातावर ठेव, मंग मामा करीन ते. तू खोटा पुरावा केला होता, हा खरा घे. ठाणं तुह्या घरापासून हाकेवर हाये. हवालदाराले बोलावलं तरी मी आडवी येणार नाही, वकील देणार नाही, त्या म्हाताऱ्यालेही बोलावणार नाही. पोरगं माहं हाये, एकच हाये, तरी येणार नाही. अन् बोलवायचं नसन, तर कोकिळेले म्हण, त्याले दोन घास वाढ. माह्या हातचं त्याच्या नरड्याखाली उतरून नाही राह्यलं.

आता वाचून झालं असन तर मान वर कर. तो अजून दारात उभाच असन. मामा 'बस' म्हणल्याबिगर बसायचं नाही, असं मी त्याले बजावून धाडलं हाये.

सोजरा